मर्यादा लावली आणि फाइली दिसेनाशा झाल्या: रोमिंग प्रोफाइलच्या आकाराचं एक प्रकरण

प्रकरणातलं कार्यालय आणि त्याचे आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. रचना मात्र जागोजागी सापडणारी आहे. 24 संगणक, 40 कर्मचारी, दोन पाळ्या. कुणाची जागा ठरलेली नाही, जो संगणक मोकळा असेल तिथे बसायचं. म्हणून विंडोज डोमेनवर, म्हणजे सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, सगळ्यांना रोमिंग प्रोफाइल दिलेलं: माणसाच्या फाइली आणि सेटिंग त्याच्यासोबत फिरतात. लॉगिन केलं की सर्व्हरवरची प्रत संगणकावर उतरते, लॉगऑफ केलं की बदललेल्या फाइली सर्व्हरवर परत जातात. प्रत्येक संगणकात 256 जीबीची एसएसडी, आणि सर्व्हरला एक गिगाबिटची एकच जोडणी.

तक्रारी तीन. पाळी सुरू होताना लॉगिन आठ-दहा मिनिटं रेंगाळतं. सर्व्हरवरची प्रोफाइलची डिस्क भरत आली आहे. आणि काही संगणकांवर 'डिस्कमध्ये जागा नाही' असा इशारा येतो, जरी त्या संगणकावर कुणी मोठं काही साठवलेलं नाही.

पहिला उपाय सहज सुचणारा होता: आकाराला मर्यादा. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना एकाच ठिकाणाहून नियम लावण्याच्या सोयीत, यूझर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, यूझर प्रोफाइल्स या वाटेने गेलं की 'लिमिट प्रोफाइल साइझ' सापडतं. आकडा केबीमध्ये द्यावा लागतो. इथे 512000, म्हणजे 500 एमबी, भरला गेला. वापरकर्त्याला सूचना दाखवण्याची खूण केली गेली नाही. थोड्याच दिवसांत वेगळ्या तक्रारी सुरू झाल्या: काल डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल आज नाही, नवी स्वाक्षरी ईमेलमध्ये येत नाही, प्रिंटर पुन्हा जुनाच निवडलेला दिसतो.

मर्यादेने नेमकं काय केलं

विंडोज व्हिस्टाच्या आधी मर्यादा ओलांडली की विंडोज लॉगऑफच करू देत नसे. जागा रिकामी करा, मगच बाहेर पडा. व्हिस्टापासून हे बदललं. आता लॉगऑफ नेहमीसारखं होतं, पण प्रोफाइल मर्यादेबाहेर असेल तर ते सर्व्हरवर पाठवलंच जात नाही. सूचना दाखवण्याचा पर्याय बंद असेल तर वापरकर्त्याला यातलं काहीही कळत नाही. त्याने दिवसभर केलेलं काम त्या एका संगणकावरच्या प्रतीत राहतं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या जागी बसतो आणि त्याला सर्व्हरवरची, म्हणजे मर्यादा लागण्याच्या दिवसाची, प्रत मिळते.

फाइली हरवलेल्या नव्हत्या. त्या 24 संगणकांवर विखुरलेल्या होत्या. या टप्प्यावर एक धोका असतो. संगणकांच्या डिस्क भरल्याची तक्रार समोर असते, म्हणून कुणीतरी उत्साहाने जुनी प्रोफाइलं पुसायला घेतं. तसं केलं तर कामाची एकमेव प्रतच जाते. मर्यादा लागू असलेल्या काळात कुठल्याही संगणकावरचं कुठलंही प्रोफाइल पुसायचं नाही, हा या प्रकरणातला पहिला नियम.

मर्यादा उठवून सगळ्यांना एकदा लॉगऑफ करायला सांगितलं की गाडी रुळावर येईल, असंही वाटू शकतं. फाइलींच्या बाबतीत ते बरंच खरं आहे, कारण त्या एकेक करून तारखा पाहून जुळवल्या जातात. पण वापरकर्त्याची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगचा साठा, 'एनटीयूझर डॅट' या एकाच फाइलमध्ये असते आणि ती अख्खीच्या अख्खी बदलली जाते. ज्या संगणकावरून तो शेवटी लॉगऑफ करेल तिथली सेटिंग टिकतात. म्हणून आधी प्रत्येक संगणकावर जाऊन, मर्यादा लागल्यानंतरच्या तारखांच्या फाइली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्समधून वेगळ्या फोल्डरात गोळा करायच्या, फोल्डरला संगणकाचं आणि वापरकर्त्याचं नाव द्यायचं, मग मर्यादा उठवायची. एकाच नावाच्या दोन फाइली मिळाल्या तर मोठी किंवा नवी ठेवण्याचा निर्णय आपण घ्यायचा नाही, तो मालकाचा आहे.

मोजमाप

मर्यादा लावण्याआधी करायचं काम आता करायचं: प्रोफाइलमध्ये आहे तरी काय? सर्व्हरवर पहिलीच अडचण परवानगीची येते. रोमिंग प्रोफाइलचं फोल्डर तयार होताना ते फक्त त्या वापरकर्त्याला आणि सिस्टिमला उघडं असतं, प्रशासकाला नाही. प्रशासकांच्या गटाला त्यात सामील करण्याची पॉलिसी आहे, पण ती नव्याने तयार होणाऱ्या फोल्डरांनाच लागू पडते. अशा वेळी 'टेक ओनरशिप' करून, म्हणजे फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन, मोकळं होण्याचा मोह आवरावा. विंडोज लॉगिनच्या वेळी त्या फोल्डरचा मालक तपासतं. मालक तो वापरकर्ता किंवा ॲडमिनिस्ट्रेटर्स गट नसेल, तर प्रोफाइल उतरत नाही.

मालकी न बदलता मोजायला रोबोकॉपी ही विंडोजची फाइली कॉपी करणारी आज्ञा पुरते. तिला स्लॅश एल दिलं की ती फक्त यादी करते, एक बाइटही कॉपी करत नाही. स्लॅश बी दिलं की बॅकअपच्या अधिकाराने वाचते, त्यामुळे परवानगी आडवी येत नाही. स्लॅश ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं. स्लॅश एक्सजे मात्र विसरू नये. प्रोफाइलमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा', 'लोकल सेटिंग्ज' अशा जुन्या नावांचे जंक्शन असतात. ती खरी फोल्डरं नव्हेत, दुसरीकडे नेणाऱ्या पाट्या आहेत. ॲपडेटा या प्रोग्रामांच्या फोल्डरात रोमिंग आणि लोकल असे भाग असतात, पहिला सोबत फिरतो, दुसरा संगणकावरच राहतो. लोकलमधली 'ॲप्लिकेशन डेटा' ही पाटी तर परत लोकलकडेच नेते. स्लॅश एक्सजे नसेल तर तेच फोल्डर पुन्हा पुन्हा मोजलं जातं आणि हाती येणारा आकडा निरुपयोगी असतो. संगणकावर मोजायचं असेल तर विझट्री किंवा ट्रीसाइझ हा जागा मोजणारा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालवावा. साध्या अधिकाराने चालवलं तर इतरांची प्रोफाइलं शून्य दिसतात.

सर्व्हरवरच्या एका सर्वसाधारण प्रोफाइलचा हिशोब असा निघाला. एकूण 2.6 जीबी. त्यात डेस्कटॉप 640 एमबी, बहुतेक स्कॅन केलेले पीडीएफ आणि त्यांच्याच झिप. डॉक्युमेंट्स 520, डाउनलोड्स 430. ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये 980 एमबी. उरलेले तीसेक एमबी रजिस्ट्रीची फाइल आणि किरकोळ.

रोमिंगमधले 980 जवळून पाहण्यासारखे आहेत. 410 एमबी मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या संवादाच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीच्या फोल्डरात. जुनं टीम्स आपली कॅशे, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा साठा, रोमिंगमध्ये ठेवत असे. नवं टीम्स ती लोकलमधल्या पॅकेजेसमध्ये ठेवतं, त्यामुळे हे फोल्डर आता निव्वळ अवशेष, तरीही प्रत्येक नव्या संगणकावर इमाने-इतबारे उतरतंय. 280 एमबी एका छपाई-आराखड्याच्या प्रोग्रामची पूर्वदृश्यं. 170 फायरफॉक्सचं प्रोफाइल. उरलेल्या 120 मध्ये ईमेलच्या स्वाक्षऱ्या, ऑफिसचे टेम्प्लेट्स, शब्दकोश आणि पासवर्ड-प्रमाणपत्रांचं रक्षण करणाऱ्या चाव्या. ज्यासाठी रोमिंग प्रोफाइल हा प्रकार मुळात आहे, ते सगळं या 120 एमबीत मावतं.

एक प्रोफाइल 13 जीबीचं निघालं. आयट्यून्सने फोनचा बॅकअप रोमिंगमधल्या 'ॲपल कॉम्प्युटर', 'मोबाइलसिंक' या फोल्डरात ठेवला होता. डेस्कटॉपसाठीची आयट्यून्सची आवृत्ती तो तिथेच ठेवते. वापरकर्त्याने फोन फक्त चार्जिंगला लावला तरी आपोआप बॅकअप सुरू होऊ शकतो.

आकाराइतकीच फाइलींची संख्याही पाहावी. टीम्सच्या कॅशेत हजारो बारीक फाइली असतात. प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरशी उघडणं, तपासणं, वेळ नोंदवणं, बंद करणं अशी वेगळी देवाणघेवाण होते. 400 एमबीचा एक व्हिडिओ काही सेकंदांत उतरतो, तेवढ्याच आकाराच्या बारीक फाइलींना मिनिटं लागतात.

गणित

2.6 जीबी हा आकडा ऐकायला मोठा नाही. पण तो कितीने गुणला जातो ते पाहा. पाळी सुरू होताना 24 जण एकदम आले आणि सगळे नव्या जागी बसले, तर 62.4 जीबी एकाच गिगाबिट जोडणीतून जायचं आहे. त्या जोडणीचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला 125 एमबी. म्हणजे काहीही अडथळा नसताना आठ मिनिटांहून जास्त. ज्या संगणकावर आधी बसलेलो आहोत तिथे फक्त फरक उतरतो, म्हणून तक्रार रोज नसते, जागा बदलल्या की असते.

डिस्कच्या इशाऱ्याचं उत्तरही याच गुणाकारात आहे. जिथे जिथे वापरकर्ता बसला तिथे तिथे त्याच्या प्रोफाइलची प्रत राहते. 40 जण फिरून फिरून एका संगणकावर बसले की 104 जीबी. त्यात ॲपडेटाचं लोकल. ते रोम होत नाही, पण प्रत्येक संगणकावर नव्याने तयार होतं: ब्राउझरची कॅशे, टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर), आउटलुकची ओएसटी फाइल, म्हणजे मेलबॉक्सची संगणकावरची प्रत. माणशी 3 जीबी धरले तरी आणखी 120. बेरीज 224 जीबी, आणि 256 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये दिसते सुमारे 238 जीबी. विंडोज स्वतः कुठे राहणार?

या गणितावरून उपायाची दिशा ठरते. मर्यादा गुणाकाराला हात लावत नाही. प्रोफाइलमध्ये राहायला नको ते त्याच्या योग्य जागी पाठवलं तरच आकडे उतरतात.

दुरुस्ती, आणि तिचा क्रम

फाइली गोळा करून झाल्या, मर्यादा उठवली, आणि दोन दिवस सगळ्यांनी नीट लॉगऑफ केल्याची खात्री केली. नुसतं स्क्रीन लॉक करून निघून जाणं चालत नाही, प्रोफाइल लॉगऑफलाच परत जातं. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत ॲप्लिकेशनच्या नोंदीत 1504 क्रमांक दिसला तर त्या वापरकर्त्याचं प्रोफाइल पूर्ण गेलेलं नाही. त्याचं प्रकरण सुटेपर्यंत पुढे जाऊ नये. लांबलचक नावांची फोल्डरं एकात एक असतील तर 260 अक्षरांची वाटेची मर्यादा ओलांडली जाते, हे अशा अडकण्याचं नेहमीचं कारण.

मग प्रत्येक वापरकर्त्याची एका संगणकावरची प्रत ठेवून बाकीच्या काढल्या. काढण्याची जागा महत्त्वाची आहे. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, यूझर प्रोफाइल्स, सेटिंग्ज, तिथल्या यादीतून डिलीट. एक्सप्लोररमध्ये जाऊन यूझर्समधलं फोल्डर पुसलं तर रजिस्ट्रीतल्या 'प्रोफाइललिस्ट'मध्ये त्या वापरकर्त्याची नोंद तशीच राहते. तो पुन्हा आला की विंडोजला नोंद सापडते पण फोल्डर नाही, आणि त्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. इव्हेंट क्रमांक 1511. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये केलेलं सगळं लॉगऑफला पुसलं जातं, त्यामुळे ही चूक जागेपेक्षा महाग पडते.

इतर प्रती आधी काढण्याचं कारण पुढच्या पायरीत आहे: फोल्डर रीडायरेक्शन. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स प्रोफाइलबाहेर, सर्व्हरवरच्या वेगळ्या शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरात, न्यायचे. वापरकर्त्याला ते तिथेच दिसतात, पण लॉगिनला काहीही उतरवावं लागत नाही, जी फाइल उघडाल तेवढीच येते. पॉलिसीत 'आहे तो मजकूर नव्या जागी हलवा' हा पर्याय चालू असतो, आणि तो प्रत्येक संगणकावरच्या जुन्या प्रतीला लागू होऊ शकतो. अनेक ठिकाणच्या शिळ्या प्रती मध्ये येऊ नयेत म्हणून त्या आधी काढायच्या.

नव्या शेअरच्या परवानग्या नीट लावाव्यात. मूळ फोल्डरवर वापरकर्त्यांच्या गटाला 'फक्त हे फोल्डर' एवढ्यापुरतं वाचण्याचा आणि फोल्डर तयार करण्याचा अधिकार, क्रिएटर ओनरला (फोल्डर तयार करणाऱ्याला) आतल्या सगळ्यावर पूर्ण, सिस्टिम आणि प्रशासकांना पूर्ण. पॉलिसीतली 'ग्रँट द यूझर एक्सक्लुझिव्ह राइट्स' ही खूण काढावी, नाहीतर प्रोफाइलच्या फोल्डरांवर झालेली परवानगीची अडचण इथेही उभी राहते. पॉलिसी हटवल्यावर काय करायचं या प्रश्नाला 'फोल्डर नव्या जागीच ठेवा' हे उत्तर द्यावं. दुसरं उत्तर निवडलं तर पुढे कधी पॉलिसी बदलली की सगळा मजकूर पुन्हा प्रोफाइलमध्ये येऊन बसतो. एकदम 40 जणांना लावू नये, पाच-सहांचे गट करावेत, कारण पहिल्या लॉगिनला अख्खा मजकूर हलतो. बदल दिसायला कधी कधी दोनदा लॉगिन करावं लागतं.

रीडायरेक्शननंतर दोन गोष्टी हमखास अडवतात. एक, विंडोज रीडायरेक्ट केलेली फोल्डरं आपोआप ऑफलाइन उपलब्ध करून ठेवतं. ती प्रत विंडोजच्या फोल्डरातल्या 'सीएससी'मध्ये जाते. प्रोफाइल मोजलं तर लहान, डिस्क मात्र तेवढीच भरलेली. सामाईक जागांच्या संगणकांवर हे आपोआप होणं पॉलिसीने बंद करावं. लॅपटॉप घेऊन बाहेर फिरणाऱ्यांसाठी मात्र चालू राहू द्यावं. दुसरी गोष्ट आउटलुकच्या पीएसटी फाइलींची, ज्यांत पत्रं मेलबॉक्सबाहेर साठवलेली असतात. त्या डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स'मध्ये असतात, म्हणून डॉक्युमेंट्ससोबत सर्व्हरवर जातात. नेटवर्कवरून पीएसटी वापरणं मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, फाइल बिघडण्याचा धोका असतो. रीडायरेक्शनच्या आधी त्या शोधून त्यातली पत्रं मेलबॉक्समध्ये किंवा संग्रहात न्यावीत. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो.

ॲपडेटाचं रोमिंगही रीडायरेक्ट करता येतं. करू नये. प्रोग्राम तिथे सतत लिहीत-वाचत असतात, नेटवर्क जरा अडखळलं की तेही अडखळतात. त्याऐवजी 'एक्सक्लूड डिरेक्टरीज इन रोमिंग प्रोफाइल' वापरावं. त्यात प्रोफाइलच्या मुळापासूनची वाट लिहायची, सुरुवातीला तिरकी रेघ नाही, दोन वाटांमध्ये अर्धविराम. इथे जुन्या टीम्सचं फोल्डर, आराखड्याच्या प्रोग्रामची पूर्वदृश्यं आणि मोबाइलसिंक अशा तीन नोंदी पुरल्या. वगळलं म्हणून सर्व्हरवर आधीच गेलेली प्रत नाहीशी होत नाही, ती हाताने काढावी लागते. 13 जीबीच्या त्या प्रोफाइलमधला फोनचा बॅकअप मात्र मालकाला विचारून, त्याचा पर्यायी बॅकअप झाल्यावरच. आणि कंटाळून अख्खं रोमिंगच वगळू नये: स्वाक्षऱ्या जातात, साठवलेल्या पासवर्डच्या चाव्या जातात, मग रोमिंग प्रोफाइल ठेवण्याला अर्थ उरत नाही.

नमुन्याच्या प्रोफाइलचा हिशोब पुन्हा. 2600 मधून रीडायरेक्ट झालेले 1590 आणि वगळलेले 690 एमबी गेले, उरले 320. चोवीस जणांचे मिळून 7.68 जीबी, त्याच जोडणीवर कागदी हिशोबाने एक मिनिट.

संगणकावरचं उरलेलं

लोकलमध्ये सगळ्यात जड ओएसटी. आउटलुकमध्ये किती काळाची पत्रं संगणकावर ठेवायची याची पट्टी असते. सामाईक जागी ती एक किंवा तीन महिन्यांवर आणावी. पट्टी सरकवली तरी फाइल लगेच लहान होत नाही, आत फक्त मोकळी जागा तयार होते. खात्याच्या सेटिंगमधून 'कॉम्पॅक्ट नाऊ' करावं, किंवा आउटलुक बंद करून ओएसटी पुसावी, ती सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. हे फक्त ओएसटीला लागू. पीएसटी पुसली की गेली.

जुन्या प्रतींसाठी कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनमध्ये 'ठरावीक दिवसांपेक्षा जुनी प्रोफाइलं रीस्टार्टला पुसा' अशी पॉलिसी आहे. 30 दिवस ठेवले. काही संगणकांवर ती काहीच पुसत नाही असं दिसेल. बऱ्याचदा कारण असं असतं की विंडोजचा अपडेट किंवा अँटीव्हायरस 'एनटीयूझर डॅट'ला स्पर्श करतो, तिची तारीख नवी होते आणि प्रोफाइल ताजं ठरतं. तिथे यादीतून हातानेच काढावं लागतं. 'स्टोरेज सेन्स' या विंडोजच्या आपोआप सफाईवर फार विसंबू नये, ते लॉगिन केलेल्या वापरकर्त्यापुरतं चालतं, बाकीच्या 39 जणांच्या टेम्पला हात लावत नाही.

हे सगळं झाल्यावर मर्यादा परत लावली. आकडा तोच, 512000 केबी. या वेळी सूचना चालू, संदेश मराठीत, आणि त्यात नेमकी कृती: कोणतं फोल्डर तपासायचं, कुणाला फोन करायचा. 320 एमबीच्या प्रोफाइलला 500 ची मर्यादा फक्त काही बिघडलं तरच लागते. रीडायरेक्ट केलेल्या शेअरवर फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजरने माणशी कोटा लावला, तोही आधी सॉफ्ट, म्हणजे इशारा देणारा पण न अडवणारा. हार्ड कोटा भरला की फाइल सेव्ह होत नाही, आणि ते वापरकर्त्याला नेमकं काम संपवताना कळतं.

सर्व्हरची डिस्क तरीही अपेक्षेएवढी रिकामी झाली नाही. कारण फोल्डरांच्या शेपटाला होतं. विंडोज आवृत्तीनुसार प्रोफाइलच्या नावाला जोड लावतं: विंडोज 7 साठी व्ही2, विंडोज 10 च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना व्ही5, 1607 या आवृत्तीपासून व्ही6. एकाच माणसाची तीन-तीन फोल्डरं शेजारी पडून असतात, एकमेकांशी काहीही देणंघेणं नसलेली. जुन्या विंडोजचे संगणक कार्यालयात उरलेले नाहीत याची खात्री करून व्ही2 आणि व्ही5 आधी बॅकअपच्या डिस्कवर हलवली, तिथून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समध्ये अडकलेली कामं मालकांना दाखवली, आणि एक तिमाही कुणी काही मागितलं नाही तेव्हा पुसली.